कोणी कोणासाठी थांबावे?

मनुष्यास आपली बुद्धी, आपला पाहुणचार आणि आपले घड्याळ या तीन गोष्टींविषयी जो विश्वास वाटत असतो तो बहुधा निराधार असतो. पहिल्या दोन गोष्टींची परीक्षा इतरांनी करावयाची असते, आणि इतर लोक भिडेखातर गप्प बसतात. तिसरीची परीक्षा मात्र ज्याची त्याला, घरबसल्या आणि कोणाचीही भीड आड न येता करता यावी, अशी सोय नभोवाणीने करून दिली. बातम्यांच्या आधी ऐकू येणारे ते बारीक, कोरडे ठोके जितके निर्विकार तितकेच निःस्पृह. ते कोणाची स्तुती करीत नाहीत, कोणास दोष देत नाहीत. 'आता' एवढेच काय ते सांगतात. परंतु या एका शब्दातून आपल्या नीतिविचारात एक प्रश्न उत्पन्न होतो, आणि त्याकडे आपण द्यावे तितके लक्ष दिलेले नाही, असे मला वाटते.

हा प्रश्न मला कसा सुचला ते आधी सांगितले पाहिजे. सांगलीस आकाशवाणीचे केंद्र १९६३ मध्ये सुरू झाले, आणि त्यानंतर थोड्याच वर्षांनी तासगावास आमच्या घरी रेडिओ आला. माझे वडील शिक्षक होते. त्यांना आम्ही अण्णा म्हणत असू. भिंतीवरच्या घड्याळास दर रविवारी किल्ली द्यावयाची आणि रोज सकाळी ते नभोवाणीच्या ठोक्यांशी ताडून पाहावयाचे, हा त्यांचा नेम देवपूजेइतकाच कडक होता. ठोक्यांची वेळ झाली की ते स्टुलावर चढून घड्याळाची काच उघडीत आणि मिनिटकाट्यावर बोट ठेवून उभे राहत. त्या वेळी घरात कोणी बोलावयाचे नाही. आई फोडणी टाकावयाची थांबत असे. शेवटच्या ठोक्याबरोबर अण्णांचे बोट काट्यावरून सुटे आणि ते समाधानाने खाली उतरत. शाळेत दोन मिनिटे उशिरा येणारा मुलगा त्यांच्या वर्गाबाहेर उभा राही. 'रेडिओ ज्याला दोन मिनिटे उशीर म्हणतो, त्याला मी वेळेवर आलेला कसे म्हणू?' असे ते विचारीत, आणि त्यावर आम्हापाशी उत्तर नसे.

एके वर्षी बक्षीस-समारंभासाठी एक मोठे गृहस्थ यावयाचे होते. वेळ चारची ठरली होती. मुलांना साडेतीन वाजताच पटांगणात ओळीने बसविण्यात आले. चार वाजले, पाच वाजले. ऊन सरकले, सावली सरकली, मुले मात्र जागची हलली नाहीत, कारण त्यांना हलू दिले गेले नाही. सव्वासहाच्या सुमारास मोटार आली. अण्णा पुढे झाले, त्यांनी पाहुण्यांच्या गळ्यात हार घातला, आणि प्रास्ताविक करताना ते म्हणाले, 'आपण वेळात वेळ काढून आलात, हे आमचे भाग्य.' त्यांच्या मनगटावर त्या दिवशी सकाळीच नभोवाणीशी जुळविलेले घड्याळ होते. मी मुलांच्या ओळीत बसलो होतो. पाहुण्यांनी काढलेला तो वेळ कोणाच्या वेळातून काढलेला आहे, हा प्रश्न मला त्या वयात शब्दांत मांडता आला नसता. पण तो मनात रुतला तो कायमचा.

अण्णा ढोंगी नव्हते. त्यांच्याइतका सरळ मनुष्य मी क्वचितच पाहिला. मग दोन मिनिटांसाठी कठोर होणारा हा मनुष्य सव्वादोन तासांपुढे इतका नम्र का व्हावा? घड्याळ तर दोन्ही वेळी तेच होते आणि ते बरोबरही होते. अर्थात घड्याळाची अचूकता आणि मनुष्याचे वेळेविषयीचे वर्तन यांच्यामध्ये तिसरे काहीतरी आहे. आणि त्याचा शोध घेतल्यावाचून वक्तशीरपणाविषयीचा सगळा उपदेश पोकळ ठरतो.

प्रथम अचूकतेचाच विचार करू. नभोवाणीचा ठोका खरे बोलतो असे आपण समजतो. पण तो कशाविषयी खरे बोलतो? भारताची प्रमाणवेळ ही ८२ अंश ३० कला या पूर्व रेखांशाची वेळ आहे. ती ग्रिनिचच्या वेळेच्या साडेपाच तास पुढे असून १ जानेवारी १९०६ पासून अमलात आली. तासगावचा रेखांश सुमारे ७४ अंश ३६ कला. पृथ्वीस एक अंश फिरावयास चार मिनिटे लागतात. या हिशेबाने नभोवाणी दुपारचे बारा वाजल्याचे सांगते तेव्हा तासगावच्या आकाशात मध्यान्ह होण्यास सरासरीने सुमारे साडेएकतीस मिनिटांचा अवकाश असतो. सरासरीने म्हणावयाचे कारण, सूर्य हाही काही किल्ली दिल्यासारखा चालत नाही. फेब्रुवारीच्या मध्यास त्याची येथील मध्यान्ह बारा वाजून पंचेचाळीस मिनिटांपर्यंत लांबते, तर नोव्हेंबरच्या प्रारंभी ती सव्वाबारालाच होऊन जाते. तेव्हा ज्याला आपण बिनचूक बारा म्हणतो ते तासगावच्या सूर्याच्या दृष्टीने कोणत्याही दिवशी बारा नसतात.

परशुरामभाऊ पटवर्धनांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस तासगावास गणपतीचे देऊळ आणि त्यापुढचे सात मजली गोपुर उभारले, तेव्हा वेळ मोजण्याची रीत निराळी होती. तळाशी बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडावयाची. ती भरून बुडाली म्हणजे एक घटिका, आजच्या हिशेबाने चोवीस मिनिटे, झाली. अशा साठ घटिकांचे अहोरात्र, साठ पळांची एक घटिका, साठ विपळांचे एक पळ. विपळ म्हणजे सेकंदाचे अवघे दोन पंचमांश. सूक्ष्म कालगणनेची हौस आपल्याकडे सातासमुद्रांपलीकडून आली असे ज्यांना वाटते, त्यांनी निदान लग्नमंडपातील 'सावधान' हा शब्द आठवावा. गावाच्या नावाची व्युत्पत्ती काय असेल ती असो. 'तास' या आपल्या शब्दातच साठ मिनिटांचा अवधी आणि तो जाहीर करण्यासाठी जिच्यावर टोले देत ती धातूची थाळी, हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. वेळ मोजणे आणि ती चारचौघांना ऐकू जाईल अशी सांगणे, ही दोन कामे आपल्या पूर्वजांच्या लेखी एकच असावीत, असे त्यावरून वाटते.

परंतु घटिकांचे हे गणित सूर्योदयापासून सुरू होई, आणि प्रत्येक गावचा सूर्योदय निराळा. तासगावची घटिका तासगावापुरती खरी, मिरजेची मिरजेपुरती. बैलगाडीच्या जगाला तेवढे पुरे होते. आगगाडी आणि तारायंत्र आल्यावर ते पुरेनासे झाले. द्वारकेच्या आणि दिब्रुगडच्या माथ्यावर सूर्य येण्यात जवळजवळ पावणेदोन तासांचे अंतर आहे. या दोन गावांतील माणसांना एकाच क्षणास एकच नाव द्यावयाचे असेल तर निदान एकाने, आणि वस्तुतः दोघांनीही, आपला सूर्य बाजूस ठेवला पाहिजे. प्रमाणवेळ म्हणजे हा त्याग. म्हणून नभोवाणीचा ठोका हे निसर्गातील एखादे सत्य नव्हे. तो माणसामाणसांतील एक करार आहे. हवामान कळावे तशी वेळ कळत नसते. ती आपण परस्परांना दिलेली असते. 'मी तुम्हाला चारची वेळ दिली आहे' असे आपण म्हणतो, त्यात भाषेने हे मर्म नेमके पकडले आहे. जी वस्तू दिली जाते ती परत घेतली, की त्याला वचनभंग म्हणतात.

करार म्हटला की तो कोणी केला आणि कोणाच्या संमतीने, हा प्रश्न येतो. येथे आपल्या प्रांताचा इतिहास पाहण्याजोगा आहे. मुंबईची स्थानिक वेळ ग्रिनिचच्या चार तास एक्कावन्न मिनिटे पुढे होती. १८८१ मध्ये मुंबई सरकारने, रेल्वेत चालू असलेली मद्रासची वेळ शहरावर लादून पाहिली; ती सुमारे अर्धा तास पुढे होती. लोकमत इतके विरुद्ध गेले की १८८३ मध्ये सरकारला माघार घ्यावी लागली. पुढे १९०६ मध्ये नवी प्रमाणवेळ आली तेव्हा मुंबईची घड्याळे एकोणचाळीस मिनिटे पुढे सारावयाची होती. त्या जानेवारीत मुंबईच्या एका कापडगिरणीत मजुरांनी या वेळेविरुद्ध काम बंद केले. जुनी वेळ मुंबईत पुढे अनेक वर्षे, स्वातंत्र्य आल्यानंतरही काही काळ, आपला हट्ट धरून होती.

हा विरोध अज्ञानाचा होता असे म्हणण्याची रीत आहे. मला ते पटत नाही. गिरणीतल्या मजुरास रेखांशाचे गणित कळत नसेल. पण सकाळचा भोंगा कालच्यापेक्षा एकोणचाळीस मिनिटे अधिक अंधारात वाजतो, आणि तो तसा वाजवावा की नाही हे आपल्याला कोणी विचारलेले नाही, एवढे त्याला पक्के कळत होते. त्याची तक्रार अचूकतेविरुद्ध नव्हती. ज्याला पहाटे उठावयाचे त्याला न विचारता, ज्याला आठ वाजता उठावयाचे त्याने उठण्याची वेळ ठरवावी, याविरुद्ध ती होती.

याहून बोलके उदाहरण खुद्द तासगावचे आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सरकारने १ सप्टेंबर १९४२ पासून देशाची घड्याळे आणखी एक तास पुढे केली. ती १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत तशीच राहिली. या नव्या वेळेने तासगावची मध्यान्ह दुपारी दीडच्या पुढे गेली. घड्याळे सरकल्याला दोनच दिवस झाले होते. ३ सप्टेंबर १९४२ रोजी भोवतालच्या खेड्यापाड्यांतून आलेल्या हजारो लोकांचा मोर्चा तासगावच्या मामलेदार कचेरीवर गेला आणि कचेरीवर तिरंगा चढला. त्या लोकांपैकी बहुतेकांपाशी घड्याळ नसणार. सरकार कोणत्या क्षणाला बारा म्हणते याची पर्वा करण्याचे त्यांना कारणही नव्हते. तरी ते सारे एका दिवशी, एका ठिकाणी, एकाच वेळी पोचले. साऱ्या देशाच्या घड्याळांचे काटे ज्या सत्तेच्या हाती होते, तिच्या कचेरीत त्या दिवशी वेळ चालली ती ज्यांच्यापाशी काटेच नव्हते त्यांची. वेळेचे खरे सामर्थ्य यंत्रात नसून परस्परांनी दिलेल्या शब्दात असते, याचा याहून चांगला पुरावा मला ठाऊक नाही. त्याच दिवसांत मुंबईत उषा मेहता आणि त्यांचे सहकारी गुप्तपणे काँग्रेस रेडिओ चालवीत होते. पोलिसांच्या भयाने त्याची जागा वारंवार बदलावी लागे. ऐकणाऱ्यास त्याचा पत्ता म्हणून ठाऊक असे ती केवळ ४२.३४ मीटर ही तरंगलांबी आणि ठरलेली वेळ. नोव्हेंबर १९४२ मध्ये तो पकडला गेला. पण तोवर सरकारच्या संमतीवाचून हजारो माणसे एकाच क्षणी कान देऊन बसू शकतात, हे त्याने दाखवून दिले होते.

आता नभोवाणीने वेळेच्या व्यवहारात कोणता पालट घडविला तो पाहू. त्यापूर्वी अचूक वेळ ही मोजक्यांची मिरास होती. ती वेधशाळेत निर्माण होई. १८२६ मध्ये स्थापन झालेल्या कुलाब्याच्या वेधशाळेकडे बंदरातील जहाजांसाठी वेळ राखण्याचे काम असे. तेथून ती बंदरात, स्टेशनात, कचेरीत आणि गिरणीत झिरपत येई, आणि प्रत्येक पायरीवर ती कोणाच्या तरी ताब्यात असे. इंग्लंडातील जुन्या गिरणीमजुरांच्या आठवणींत, मालक घड्याळे सकाळी पुढे आणि संध्याकाळी मागे करीत असल्याच्या तक्रारी आहेत. मजुरापाशी दुसरे घड्याळ नसल्यामुळे त्यास वाद घालावयासही आधार नसे. १९१० मध्ये पॅरिसच्या आयफेल मनोऱ्यावरून बिनतारी संदेशाने वेळ सांगण्यास आरंभ झाला तो मुख्यतः समुद्रावरील नाविकांसाठी. ५ फेब्रुवारी १९२४ रोजी ब्रिटिश नभोवाणीने ग्रिनिचच्या वेधशाळेतून येणारे सहा ठोके प्रक्षेपित केले, आणि वेळ प्रथमच सामान्य माणसाच्या माजघरात येऊन बसली. ज्याच्यापाशी साधा रेडिओ आहे, किंवा शेजाऱ्याचा रेडिओ ज्याच्या कानावर येतो, त्याला राजवाड्यातील माणसाइतकीच अचूक वेळ फुकट मिळू लागली. देवळातील थाळीचा आवाज मैलभर पोचण्यास पावणेपाच सेकंद लागतात, म्हणजे दूरच्या वस्तीस वेळही शिळी मिळे. बिनतारी लहरीला देऊळ आणि वस्ती यांत भेद करण्याइतकाही अवकाश लागत नाही.

ठोक्याच्या अचूकतेलाही मर्यादा आहेत, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. दिल्लीचा आवाज उपग्रहावरून फिरून यावयाचा तर त्यास सत्तर हजारांहून अधिक किलोमीटरांचा प्रवास घडतो आणि सुमारे पाव सेकंद उशीर होतो. तोच कार्यक्रम मोबाइलवर ऐकला तर ठोका कित्येक सेकंद मागून येतो. पण आता त्या ठोक्यावाचून कोणाचे अडतही नाही. आज बागेत छाटणी करणाऱ्या मजुराच्या खिशातील मोबाइलसुद्धा आपली वेळ आपोआप जुळवून घेतो, आणि दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतील सीझियमची घड्याळे देशाची वेळ राखीत असतात. वेळ ठाऊक असण्याच्या बाबतीत साहेब आणि शिपाई, बागाईतदार आणि मजूर यांच्यात आता यत्किंचितही भेद राहिलेला नाही.

असे असून थांबण्याच्या बाबतीत मात्र तो भेद जसाच्या तसा आहे. नभोवाणीने वेळेचे ज्ञान सर्वांस सारखे वाटले. वाट पाहण्याचे ओझे मात्र तिला सारखे वाटता आले नाही. कचेरीच्या बाकावर कोण बसलेला असतो? दवाखान्याच्या पायरीवर कोण? ज्याचे काम दुसऱ्याच्या मर्जीवर आहे तो. थांबणे हा दुर्बळांवर बसविलेला एक कर आहे. तो पैशात घेतला जात नसल्यामुळे त्याची पावती मिळत नाही, आणि पावती नसल्यामुळे आपण काही घेतले आहे असे घेणाऱ्यास वाटतही नाही. लग्नपत्रिकेत बारा वाजून एकतीस मिनिटांचा मुहूर्त छापलेला असतो. ग्रहांची गती कोणासाठी अडत नाही, पण मोठे पाहुणे येईपर्यंत मंगलाष्टके मात्र लांबत जातात. तेव्हा अण्णांच्या वर्तनाचा उलगडा असा होतो: त्यांच्यापाशी घड्याळ एक असले तरी मापे दोन होती. आपल्याहून लहानाने केलेला उशीर हा त्यांना अपराध वाटे, आणि आपल्याहून मोठ्याने केलेला उशीर हा योग. हे त्यांचे एकट्याचे दूषण नव्हे. आपल्या सबंध समाजाचे घड्याळ याच दोन मापांनी चालते. उशीर हे मोठेपणाचे लक्षण मानणाऱ्या समाजात वक्तशीरपणा हा केवळ गरिबांचा सद्गुण होऊन बसतो.

यावर कोणी असे म्हणेल, की मग ठोक्यासारखेच वागावे काय? तो कोणासाठीच थांबत नाही. माणसाने यंत्राचा हा कोरडेपणा उचलला तर माणुसकी उरणार कोठे? हा आक्षेप हलका नाही. एस. टी. सुटण्याच्या बेतात असते, कंडक्टरचा हात घंटेच्या दोरीवर असतो, आणि लांबून एक म्हातारी डोक्यावर गाठोडे घेऊन धावत येताना दिसते. कंडक्टर दोन मिनिटे थांबतो. या थांबण्यास कोण दोष देईल? पण मग म्हातारीसाठी थांबणारा तो कंडक्टर आणि पाहुण्यांसाठी थांबणारे अण्णा यांत अंतर कोणते? दोघेही ठरलेली वेळ मोडतात.

मला दिसते ते अंतर दोन प्रकारचे आहे. पहिले असे, की म्हातारीसाठी थांबण्यात बळ दुर्बळाकडे वाहते. पाहुण्यांसाठी थांबण्यात ते उलट दिशेने वाहते. पहिल्यास दया म्हणतात, दुसऱ्यास लाचारी. मिनिटे तीच असली तरी त्यांचा धर्म निराळा. दुसरे अंतर अधिक सूक्ष्म आहे. औदार्य हे आपल्या पदरचे असावे लागते. कंडक्टर जी दोन मिनिटे देतो ती त्याची एकट्याची नसून गाडीतल्या पन्नास माणसांची आहेत. त्यांपैकी एखाद्याला पुढच्या गावी दुसरी गाडी गाठावयाची असेल. तेव्हा कंडक्टरची दया निर्दोष ठरावयाची असेल तर त्या पन्नासांची संमती तिला हवी. आणि बहुधा ती असते, कारण उद्या आपणही धावत येऊ हे प्रत्येकाला ठाऊक असते. पटांगणात बसलेल्या मुलांपैकी मात्र, उद्या आपल्यासाठीही कोणी सव्वादोन तास थांबेल, असे एकालाही म्हणता आले नसते. ज्या सवलतीची पाळी आपल्यावर कधीच यावयाची नाही, तिला संमती दिली असे कोणी म्हणू नये.

ही कल्पना केवळ काव्यमय नाही. जगातील सर्वांत अचूक घड्याळेही याच नियमाने वागत आली आहेत. १९६७ पासून सेकंदाची व्याख्या सीझियमच्या अणूच्या ९,१९२,६३१,७७० आंदोलनांवर केली जाते. पृथ्वी त्या मानाने अनियमित आणि बहुधा किंचित मंद फिरते. तिची आणि अणूच्या घड्याळाची फारकत होऊ नये म्हणून १९७२ पासून अधूनमधून एक अधिक सेकंद घालण्याची प्रथा पडली. असा सत्ताविसावा सेकंद आपल्याकडे १ जानेवारी २०१७ च्या पहाटे साडेपाचला घातला गेला. म्हणजे जे घड्याळ कोणासाठी थांबत नाही असे आपण म्हणतो, तेसुद्धा मागे पडणाऱ्या पृथ्वीसाठी एक सेकंद थांबले. पण ते कसे थांबले ते पाहण्यासारखे आहे: कित्येक महिने आधी जाहीर करून, सर्वांच्या संमतीने, आणि सर्व जगासाठी सारखेच. या सेकंदाने यंत्रांच्या व्यवहारात घोटाळे होतात, म्हणून २०३५ पर्यंत ही रीत बदलावयाची असे २०२२ मध्ये ठरले. तेही राष्ट्रांच्या परिषदेत ठरले, कोणा एकाच्या मोटारीच्या सोयीने नव्हे.

इतके लिहून झाल्यावर लेखणी येथेच ठेवली असती तर बरे झाले असते; परंतु दुसऱ्याचा उशीर मोजणाऱ्याने आपलाही मोजला पाहिजे. काही वर्षांपूर्वी द्राक्षांच्या छाटणीच्या दिवसांत आमच्या बागेत काम केलेले एक वृद्ध गृहस्थ मजुरी नेण्यास घरी आले. मी आत वर्तमानपत्र वाचीत होतो. 'बसा मामा, दहा मिनिटांत आलोच,' असे मी सांगितले, आणि अग्रलेखात गुंगून गेलो. बाहेर आलो तेव्हा पाऊण तास झाला होता. 'मामा, जरा उशीर झाला,' मी म्हणालो. ते उठून उभे राहिले आणि हसून म्हणाले, 'त्याला काय हुतंय मालक. आमाला बसायची सवं हाय.' त्यांच्या मागे भिंतीवर अण्णांचे घड्याळ होते. मी ते अजूनही रोज जुळवितो. त्या दिवशीही ते सेकंदाला बरोबर होते. 'वेळात वेळ काढून आलात' हे अण्णांचे वाक्य आणि 'आमाला सवं हाय' हे मामांचे वाक्य, ही दोन्ही एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत, आणि नाणे माझ्या मुठीत आहे, हे मला त्या क्षणी कळले. मजुरीचे पैसे मी मोजून दिले. पाऊण तास मात्र परत देण्याचा कोणताही उपाय मला सुचला नाही, कारण तो नाही.

दरवर्षी ऋषिपंचमीला तासगावास गणपतीचा रथ निघतो. तो ओढण्यासाठी हजारो हात दोरांना लागलेले असतात. तेथे नभोवाणीचा ठोका नाही, की कोणाच्या मनगटाकडे पाहावयास कोणास सवड नाही. 'मोरया' असा पुकारा होतो आणि सगळे हात एकदम दोर ओढतात. कोणी क्षणभर आधी आणि कोणी क्षणभर मागून ओढले तर एवढा अवजड रथ तसूभरही हलावयाचा नाही. त्या गर्दीत कोण मोठा आणि कोण लहान हे दोराला कळत नाही. उशिरा आलेल्यासाठी, तो कितीही मोठा असो, रथ थांबवावा असे त्या वेळी कोणाच्या मनातही येत नाही. जो जेथे पोचला तेथून दोराला हात लावतो. पण पुढच्या गर्दीत कोणाचा पाय घसरून तो खाली पडला, अशी आरोळी आली, की तेच हजारो हात दोर सोडून जागच्या जागी उभे राहतात, आणि तो उठेपर्यंत कोणी घाई करीत नाही.

वेळ पाळण्याचा धर्म याहून निराळा नसावा. जो मागाहून येतो पण थांबविण्याची सत्ता बाळगतो, त्याच्यासाठी थांबू नये. जो पडला आहे त्याच्यासाठी थांबावे, आणि थांबताना आपण कोणाच्या पदरचा वेळ खर्च करीत आहो हे विसरू नये. ठोका आपल्याला फक्त 'आता' एवढेच सांगू शकतो. त्या 'आता'च्या पलीकडे कोण कोणाची वाट पाहत बसले आहे, ते मात्र आपले आपण दार उघडून पाहावे लागते.